प्रतिसाद: 'एजंट कोडी बँक्स'चा दुसरा भाग इतकाही टाकाऊ नाही हो!

'हिलरी डफ (पहिल्या भागातली नायिका) नाही म्हणजे दुसऱ्या भागात राम नाही' हे वरच्या एका प्रतिसादातलं मत अर्धंच पटलं. 'एजंट कोडी बँक्स' हा पोरगेल्या गुप्तहेराचा सिनेमा आला २००३ मध्ये, दुसरा भाग लगेच २००४ मध्ये. घाई दिसतेच. मेंदूवर ताबा मिळवणारं यंत्रही शंभरदा पाहिलेलं. पण गुप्तहेर पोराला क्लॅरिनेटवाला म्हणून लंडनच्या वाद्यवृंदात घुसवायचं, ही कल्पना झकास! अँथनी अँडरसन या नटाने रंगवलेला आचारी मला जरा जास्तच आरडाओरडा करणारा वाटला. भाच्याला मात्र तोच आवडला. दुसऱ्या दिवशी पठ्ठ्या लाटणं क्लॅरिनेटसारखं तोंडाला लावून सोफ्यामागे दबा धरून बसला होता, आणि इकडे आईच्या पोळ्या अडलेल्या. आपण चाळिशीतले लोक पटकथा तपासत बसतो, पण सिनेमा कुणासाठी काढलाय?