कवायत स्पर्धेत मैदानामागे राबलेल्या कॅडेट्सचे अनुभव

एनसीसीच्या कवायत स्पर्धेविषयी जे लिहिले जाते, ते बहुतेक वेळा संचलन करणाऱ्या पथकाच्या बाजूने. ज्या कॅडेट्सनी त्या दिवशी पथकात उभे न राहता मैदानावर चुन्याच्या फक्कीने रेषा मारल्या, गुणपत्रके पोहोचवली, रायफली मोजल्या किंवा पुढच्या पथकाला मैदानाच्या तोंडाशी आणून उभे केले, त्यांनी आपले अनुभव येथे लिहावेत, अशी विनंती आहे. युनिट, महाविद्यालय आणि व्यक्ती यांची नावे टाळावीत. काम नेमके कसे चालते हे मात्र हातचे न राखता लिहावे.

माजी सार्जंट, सीनियर डिव्हिजन (महाविद्यालयीन मुलांचा विभाग)

माझ्याकडे मैदानाची आखणी होती. चार रेषा ओढल्या की झाले, असे पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात कोपरा काटकोनात आणणे हीच खरी कसोटी असते. आमच्या उस्तादांनी, म्हणजे कवायत शिकवणाऱ्या प्रशिक्षकांनी, 12 मीटरच्या दोरीला 3, 4 आणि 5 मीटरचे भाग पडतील अशा गाठी मारून दिल्या होत्या. गाठींपाशी खुंट्या ठोकून दोरी ताणली की काटकोन आपोआप मिळतो. हा कोपरा जरासा जरी फाकला, तरी ‘दाहिने सज’वर (उजवीकडे पाहून रांग सरळ करण्याच्या हुकमावर) व्यवस्थित सजलेली रांगही सलामी मंचाला तिरपी दिसते आणि आखणाऱ्याचा दोष पथकाच्या खात्यात जमा होतो.

दुसरी गोष्ट फक्कीच्या थराची. रेष ठळक दिसावी म्हणून हौशी मुले मुठी भरभरून चुना टाकतात. तिसऱ्या-चौथ्या पथकापर्यंत तो चुना बुटांनी मैदानभर होतो आणि रात्रभर घासून चमकवलेली बुटांची टोके पहिल्या ‘तेज चल’मध्येच पांढरी पडतात. म्हणून आम्ही रेषा फक्त कडेने ओढल्या आणि दर्शकांच्या, म्हणजे पथकाची जागा दाखवण्यासाठी आधी उभे राहणाऱ्या कॅडेट्सच्या, जागी एकेक लहान ठिपका, तोही पाय पडेल तिथे न टाकता एक पाऊल पुढे टाकला. आदल्या संध्याकाळी पाणी मारायचे ते सकाळपर्यंत माती दबेल एवढेच. जास्त झाले तर ‘थम’वर टाच आपटल्याचा आवाजच येत नाही, आणि तो आवाज ऐकायलाच तर अर्धे प्रेक्षक आलेले असतात.

कॉर्पोरल, सीनियर विंग (महाविद्यालयीन मुलींचा विभाग)

पथकनिवडीत माझे नाव आले नाही आणि मला प्रतीक्षा क्षेत्रात नेमले गेले. सुरुवातीला वाईट वाटले, हे लपवण्यात अर्थ नाही. आमची पद्धत सोपी होती: एक पथक मैदानावर, एक तोंडाशी तयार आणि एक मागे फॉल-इन होत, म्हणजे रांगांत उभे राहत असलेले. यांतली एक जागा जरी रिकामी राहिली, तरी संपूर्ण वेळापत्रक कोलमडते.

माझ्या खिशांत सुई-दोरा, सेफ्टी पिना, काळ्या पिना, केसांच्या जाळ्या आणि बुटांच्या जादा नाड्या असत. शेवटच्या क्षणी काय निसटते, याचा अंदाज मला थोड्याच वेळात आला. बेरे टोपीमागची फीत बाहेर लोंबते, टोपीवरचा तुरा (हॅकल) कलतो, पट्ट्याचे बक्कल मध्यरेषेवरून सरकते. एका मुलीच्या शर्टाचे बटण पथक निघायच्या अगदी तोंडावर तुटले. मी ते शिवत असताना तिने हात बाजूला घट्ट धरले होते आणि श्वासही रोखून धरला होता. मी दोरा दाताने तोडला आणि पुढच्याच क्षणी त्यांच्या कमांडरचा ‘सावधान’ आला. ती कोणत्या महाविद्यालयाची होती हे मी विचारले नाही, कारण तिथे ते विचारायचे नसते.

माजी कॅडेट, वेळ नोंदणी

वेळ कधी सुरू होते, यावरून सर्वाधिक वाद होतात. पहिले पाऊल मैदानात पडल्यावर, की कमांडरने ‘निरीक्षण के लिए हाजिर है’ असा रिपोर्ट दिल्यावर? जो नियम असेल तो सकाळी सर्व कमांडरांना एकत्र बोलावून सांगावा, म्हणजे दुपारी कोणी टेबलाशी येऊन भांडत नाही.

घड्याळ हातात असल्यामुळे मला एक गोष्ट पथकातल्यांपेक्षा स्पष्ट दिसली. तेज चालीची गती मिनिटाला 120 पावले, म्हणजे 15 सेकंदांत 30. मी मनातल्या मनात मोजत असे. सलामी मंच जवळ आला की घाबरलेली पथके हमखास वेग वाढवतात, पाऊल 30 इंचांऐवजी आखूड पडू लागते आणि ‘दाहिने देख’ होईपर्यंत मागची रांग पुढच्या रांगेच्या टाचांवर येते. हे पथकातल्या कोणाच्याच लक्षात येत नाही, कारण सगळे एकत्रच चुकत असतात.

याहून मोठी अडचण आवाजाची. सरावाची जागा स्पर्धेच्या मैदानाला अगदी लागून दिली होती. मैदानावरचे पथक चालत असताना पलीकडच्या कमांडरचा खणखणीत ‘थम’ वाऱ्यावर आला आणि मागच्या रांगेतले काही पाय थबकले. परीक्षकांनी त्या पथकाला पुन्हा संधी दिली, ते योग्यच झाले. पण सरावाची जागा इमारतीच्या आडोशाला असती, तर ही वेळच आली नसती. आयोजक मंडप, फुले आणि पाहुण्यांच्या खुर्च्यांवर जितका वेळ घालवतात, त्याच्या निम्मा जरी यावर घालवला तरी पुष्कळ होईल.

माजी सीनियर अंडर ऑफिसर

वरचा शेवटचा मुद्दा शंभर टक्के खरा आहे. रायफलींच्या तंबूवर माझी नेमणूक होती, त्याविषयी थोडक्यात लिहितो. कवायतीच्या रायफली गोळी झाडण्याच्या कामाच्या नसल्या, तरी त्या हत्यारासारख्याच मोजल्या जातात. कोतमधून (शस्त्रे ठेवण्याच्या खोलीतून) निघताना क्रमांकवार नोंद, पथकाला देताना नोंद, परत घेताना नोंद. ‘एकूण बरोबर आहेत’ हे उत्तर चालत नाही. क्रमांक मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने रजिस्टरवर टिचकी मारायची. कंटाळवाणे काम आहे. त्यात गप्पा मारणारा सोबती मिळाला तर त्याला ताबडतोब बदलून घ्यावे.

कॅडेट, प्रथमोपचार पथक

समारोपाची भाषणे लांबली की आमचे काम सुरू होते. गुडघे मागे ताणून ताठ उभे राहिले की रक्त पायांत साचते, मेंदूला कमी पडते आणि मुलगा किंवा मुलगी उभ्या जागी कोसळते. उपाशी आलेल्यांना हा त्रास लवकर होतो. त्याआधी खुणा दिसतात: जांभया, ओठांचा उडालेला रंग, किंचित डुलणे. आम्ही रांगांच्या मागून सावकाश फिरत असू आणि अशी खूण दिसली की दबक्या आवाजात ‘बुटातली बोटे हलव, गुडघे जरा सैल कर’ असे सांगत असू. ‘सावधान’ मोडत नाही आणि पोटऱ्यांचे स्नायू हलत राहतात.

कोणी पडलेच, तर आडवे झोपवून पाय उंच करायचे, पट्टा आणि गळ्याचे बटण सैल करायचे आणि भोवतीची गर्दी हटवायची. लगेच बसते करण्याची घाई सर्वांत जास्त वडीलधाऱ्यांनाच असते, असा माझा अनुभव आहे. पडलेल्याला उचलून नेतानाही रांगेतल्या कोणी मान वळवायची नाही, हा नियम कठोर वाटतो. पण एकाने पाहिले की सगळे पाहतात आणि धास्तीनेच आणखी दोघेजण डळमळतात.

माजी कॅडेट, गुणपत्रक टेबल

परीक्षक एकमेकांपासून दूर बसतात, कारण समोरून रांग किती सरळ सजली आहे ते दिसते आणि बाजूने हाताची उंची व पावलाची लांबी दिसते. शिवाय त्यांनी आपापसांत बोलू नये हाही हेतू असतो. त्यांच्याकडची पत्रके बंद फाईलमधून आणायची, वाटेत उघडायची नाहीत. टेबलावर एकाने आकडे वाचायचे, दुसऱ्याने लिहायचे, मग जागा बदलून तेच पुन्हा करायचे. बेरीज सोपी असते. खरा घोळ खाडाखोडीचा. सातावर आठ गिरवलेला दिसला की अंदाज न बांधता पत्रक परत न्यायचे आणि परीक्षकांची तिथे सही घ्यायची. ज्या महाविद्यालयाचे पथक स्पर्धेत आहे, त्याच्या कॅडेटला या टेबलावर बसवू नये. कोणावर अविश्वास म्हणून नव्हे, तर निकालानंतर त्याच्याकडे कोणी बोट दाखवू नये म्हणून.

त्या दिवशी वळणे, सलामी, खुली लाइन (रांगांमधले अंतर वाढवणे), शस्त्र कवायत, टर्नआउट (गणवेशाची टापटीप), कमांडरचा आवाज अशा रकान्यांतून इतकी पत्रके डोळ्यांखालून गेली की गुण नेमके कुठे जातात ते पाठच झाले. पुढे एनसीसीच्या ‘सी’ प्रमाणपत्राच्या परीक्षेत कवायतीचे प्रात्यक्षिक देताना मला त्याचा फार उपयोग झाला. बक्षीस न मिळालेल्या पथकांना मात्र हे कधी कळत नाही. त्यांना केवळ क्रमांक ऐकवला जातो. प्रत्येक पथकाच्या कमांडरला त्याच्या पत्रकाची रकानेवार प्रत दिली, तर ते पुढच्या वर्षीचा सराव नेमका कशावर करायचा हे ठरवू शकतील. ज्या युनिटमध्ये अशी प्रत दिली जाते, तेथील कॅडेट्सनी ती तक्रारींचा पाऊस न पडता कशी दिली जाते, हे कृपया लिहावे.