गोव्यातला शेवटचा दिवस, रेंटची गाडी, संध्याकाळची फ्लाइट: मंगेशी + ओल्ड गोवा + फेरीबोट जमेल का?

संत्राबर्फी
नमस्कार मंडळी, आम्ही चौघं (मी, बायको, आई आणि आठ वर्षांचं पोरगं) नागपूरहून पणजीत येऊन राहिलोय वीकेंड जोडून, सोमवारी परत. गाडी सेल्फ ड्राइव्ह रेंटवर घेतलीय, ती मोपा एअरपोर्टवरच द्यायचीय, त्यांचा माणूस ५ वाजता येतो म्हणाला. फ्लाइट ७:१० ची. हॉटेल १० ला सोडावं लागते. आता मधल्या वेळात बायकोला ओल्ड गोवा पाहायचंय, आईला मंगेशीला जायचंच आहे आणि पोराला गाडी फेरीबोटीत घालायचीय, यूट्यूबवर पाहिलं त्यानं कुठंतरी. मॅपवर सगळं जवळजवळच दिसून राहिलंय पण मॅपचं काय सांगता येत नाही. तिन्ही होईल का? आणि गाडी परत देताना काय बघायचं, डिपॉझिट अडकवून ठेवतात असं ऐकलंय.

पणजेकार
आधी तिकीट उघडून कोड बघा. जीओएक्स म्हणजे मोपा, जीओआय म्हणजे दाबोळी. मोपा उत्तरेला पेडण्यात, दाबोळी वास्कोजवळ, आणि तिकिटावर मोठ्या अक्षरात दोन्हीकडे 'गोवा'च लिहिलेलं. मोपा २०२३ च्या जानेवारीपासून चालू आहे तरी अजून लोक चुकीच्या एअरपोर्टवर जाऊन उभे राहतात.

मोपाच असेल तर पणजीहून साधारण ३५ किमी. पूल ओलांडला की पर्वरी, म्हापसा, कोलवाळ, धारगळ आणि मग एअरपोर्टचा लिंक रोड. शेवटचा भाग मस्त आहे, पण पर्वरी आणि म्हापसा कधी अडकवतील नेम नाही. ३ ला पणजी सोडा, ३:१५ म्हणजे उशीर.

मंगेशी मात्र मी सोडून देईन. ते फोंड्याच्या वाटेवर, पूर्वेला, तुम्हाला जायचंय उत्तरेला. त्यात सोमवार, शंकराचा वार, गर्दी असणार. ओल्ड गोवा करा, शांतपणे जेवा, निघा.

फोंडेकरीण
पणजेकार, तुमचं दरवेळी हेच, ओल्ड गोव्याच्या पलीकडचं सगळं सोडून द्या 😄

संत्राबर्फी, आईंना मंगेशी दाखवाच, फक्त क्रम उलटा करा. तुम्ही १० ला हॉटेल सोडून मग निघायचा विचार करताय तिथेच वेळ जातोय. सकाळी साडेसहाला बाहेर पडा, सामान रिसेप्शनला ठेवा, नाहीतरी मोपाला जाताना पणजीवरूनच जायचंय तर उचलता येईल, आणि चर्चच्या पार्किंगमध्ये मागच्या सीटवर बॅगा दिसत ठेवून फिरायची कटकट नाही. सगळ्यात लांबचं आधी, म्हणजे मंगेशी, तिथून परत येताना बाणास्तारीचा पूल ओलांडला की ओल्ड गोवा वाटेतच लागतं, आणि मग पणजी. असं केलं की दिवसभर तुम्ही एअरपोर्टच्या दिशेनेच सरकत असता. सोमवारची गर्दी मुख्यतः संध्याकाळी, पालखी तेव्हा असते, सकाळी सातच्या सुमाराला देवळात निवांत दर्शन होतं.

पणजेकार
हां, साडेसहाला निघत असतील तर होईल, हे मान्य. पण आठ वर्षांचं पोर आणि सुट्टीचा शेवटचा दिवस, बघा बुवा.

ओल्ड गोव्यात बॉम जीजस आणि से कॅथेड्रल ही दोन चर्च रस्त्याच्या दोन बाजूंना समोरासमोर आहेत, आईंना फार चालावं लागणार नाही. बॉम जीजस बाहेरून लाल जांभ्याचं दिसतं ते मुळात तसं नव्हतं, १९५० च्या दशकात गिलावा काढला, आणि आता पावसाने दगड झिजतो म्हणून परत लावायचा की नाही यावर वाद चालू असतात. बहुतेक टुरिस्ट ही दोन बघून निघतात. तुम्ही गाडीने टेकाडावर सेंट ऑगस्टीनच्या पडक्या मनोऱ्यापाशी जा, दहा मिनिटंही पुरतात. ४६ मीटर उंच, अर्धा कोसळलेला. त्याची घंटा आज पणजीच्या त्या पांढऱ्या पायऱ्यांच्या चर्चमध्ये आहे, पोराला सकाळी मनोरा आणि दुपारी घंटा दाखवा, गंमत वाटेल त्याला.

फेरी: व्हाइसरॉयच्या कमानीतून खाली गेलं की जेट्टी, तिथून दिवाडी बेटावर फेरी जाते. गाडी आत घालू नका. रॅम्पवर घासली तर ती भाड्याची आहे हे लक्षात ठेवा. जेट्टीवर लावा, पायी चढा, पलीकडे जाऊन त्याच फेरीने परत या. पायी जाणाऱ्याला तिकीटही नाही.

परत येताना बायपासने येऊ नका, रायबंदरच्या जुन्या रस्त्याने या. पणजीत शिरताना जो लांबच लांब बांध लागतो तो पोर्तुगीजांनी १६३० च्या दशकात बांधलेला आहे आणि आजही त्यावरून बसेस धावतात.

घाटउतार
गाडीचं मी सांगतो. पहिलं, नंबरप्लेट काळी आणि अक्षरं पिवळी आहेत ना? सेल्फ ड्राइव्ह रेंटची कायदेशीर गाडी तीच. पांढऱ्या प्लेटची प्रायव्हेट गाडी स्वस्तात गळ्यात मारली असेल तर पोलिसांनी अडवल्यावर भांडणात पडू नका आणि काही ठोकलं तर इन्शुरन्सचं काय होईल ते विचारूच नका.

व्हिडिओ घेताना काढला असेलच, देताना पण काढा, चारही बाजू, बंपरच्या खालची कड, डॅशबोर्डवरचा पेट्रोलचा काटा आणि किलोमीटर, सगळं एकाच शॉटमध्ये, आणि त्यांचा माणूस फ्रेममध्ये असू द्या. पेट्रोल म्हापसा सोडल्यावर हायवेवरच भरा, पावती ठेवा. वाळू झटका, मॅट काढून झटका, कारण मला एका एजंटने डिकीतल्या वाळूचे क्लीनिंग चार्जेस लावले होते आणि फ्लाइटच्या घाईत मी मुकाट्याने दिले. ते लोक नेमका त्याच घाईवर धंदा करतात, म्हणून ५ नाही, साडेचारला बोलवा. एअरपोर्टच्या पार्किंगचे पैसे कोण भरणार ते आजच व्हॉट्सअपवर लिहून घ्या. डिपॉझिट तिथल्या तिथे यूपीआयने, 'चलान आलं तर बघू' म्हणाले तर किती दिवसांत परत देणार ते मेसेजमध्ये मागा.

संत्राबर्फी
भारीच राव, सगळ्यांना धन्यवाद. कोड जीओएक्सच आहे, प्लेट काळीच आहे. आई म्हणते साडेसहा काय, साडेपाचला तयार होते, प्रश्न पोराच्या बापाचा आहे. गाडीवाल्याच्या माणसाला साडेचारचा मेसेज टाकला, अजून निळी टिक नाही. एक राहिलं, दुपारी पणजीत जेवण कुठं, आई व्हेज. आणि ती रंगीत घरांची गल्ली गाडीतूनच बघता येईल का?

पणजेकार
नको! मळ्यात, म्हणजे फोंतेन्हासमध्ये, गाडी अजिबात घालू नका, गल्ल्या अरुंद आणि लोक राहतात तिथे, दारात उभं राहून फोटो काढणाऱ्यांना वैतागलेत बिचारे. पाटोला, म्हणजे बसस्टँडच्या भागात, गाडी लावा आणि ओढ्यावरचा पूल ओलांडून चालत या. आईंसाठी पणजीत कुठल्याही जुन्या कॅफेत भाजी-पाव, मिक्स भाजी, गोड बन मिळतो. १२:३० च्या आत बसा, नंतर टेबल मिळत नाही.

फोंडेकरीण
आणि मंगेशीला जाताना कोणी हाफ पँट घालू नका, पोराचे बाबा सुद्धा. बीचचे कपडे घालून आलेल्यांना आत सोडत नाहीत.