प्रश्न विचारणाऱ्याची सत्ता

अमेरिकन कवयित्री सिल्व्हिया प्लाथच्या १९६२ मधल्या ‘द अ‍ॅप्लिकंट’ (उमेदवार) या कवितेत एक मुलाखतकार उमेदवाराला लग्नासाठी प्रश्न विचारतो; तो ‘नुसता कठोर’ आहे, असं कुणी म्हणेल. मला तो त्याहून भयंकर वाटतो, कारण तो मायाळूपणाही वापरतो. आधी काचेचा डोळा, कवळी, कुबडी यांची चौकशी. म्हणजे उमेदवारात काही उणीव असायलाच हवी! मग ‘रडू नकोस’ अशी आज्ञा. हात रिकामा आहे का, हेही तोच विचारतो आणि उत्तरही तोच देतो. उमेदवाराला अख्ख्या कवितेत एकही ओळ नाही. पुढे स्वर सरळ विक्रेत्याचा होतो: आधी अंगात घालायचा सूट, मग शिवणारी, रांधणारी, बोलणारी बायको. आणि ‘लग्न करशील का?’ या प्रश्नाचं प्रश्नचिन्ह शेवटच्या ओळीत गळून पडतं, तिथे फक्त पूर्णविराम आहे. तो जरूर पाहा.