क्लच बदलल्यावर पहिल्या गिअरला गाडी थरथरते. बोल्ट आवळायला चुकलं का?

कराडकर८१: नमस्कार मंडळी. २००६ ची पेट्रोल गाडी. मी आणि मेहुण्याने घरीच गिअरबॉक्स उतरवून क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग नवीन टाकलं. आता पहिल्या गिअरला गाडी उचलताना सगळी बॉडी थरथरते. प्रेशर प्लेटचे सहा बोल्ट वरून सुरू करून एकापाठोपाठ एक गोल फिरत कचकचून आवळले. मॅन्युअलमध्ये २३ न्यूटन-मीटर दिलंय, पण टॉर्क पाना (ठरावीक जोराने आवळायचा पाना) नव्हता. गिअरबॉक्स परत उतरवावा लागेल का?

चाकणवाला: आधी इंजिन माउंटिंग (इंजिन बॉडीला धरणारे आधार) बघा. एखादा बोल्ट ढिला राहिला तरी अशीच थरथर येते.

जुना_फिटर: माउंटिंग बघाच, दहा मिनिटांचं काम आहे. पण "एकापाठोपाठ एक गोल" हे वाचलं आणि मन तिथेच अडकलं. प्रेशर प्लेट क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनच्या जड चाकावर, दाबून धरते. तिच्यात डायफ्राम स्प्रिंग (ताटलीसारखी चपटी स्प्रिंग) असते, बोल्ट आवळताना आपण तीच दाबत असतो. एक बाजू पूर्ण बसली आणि समोरची वरच राहिली, की पत्र्याचं कव्हर वाकतं. मग पुढे कितीही नीट आवळा, वाक जात नाही. प्लेट एका अंगाने आधी पकडते आणि गाडी थरथरते.

शिकाऊ असताना माझ्याही हातून हे झालंय. उस्तादांनी क्लच प्लेट न घालता कव्हर नुसतं फ्लायव्हीलवर ठेवायला लावलं. बोल्टचे पाच कान टेकले, सहाव्याखालून फीलर गेजची (फट मोजायची) पट्टी सरळ आत गेली. तुम्हीही तसंच तपासा.

सगळे बोल्ट आधी बोटांनी लावायचे. मग समोरासमोरचे, प्रत्येकी अर्धा फेरा, कव्हर सगळीकडून फ्लायव्हीलला टेकेपर्यंत. टॉर्क पाना त्यानंतर. २३ न्यूटन-मीटर म्हणजे पाव मीटर लांब पान्याच्या टोकाला साधारण साडेनऊ किलोचा जोर. कचकचून आवळलं की तो सहज दुप्पट होतो. आणि मॅन्युअलने सांगितलं नसेल तर आट्यांना तेल लावू नका. तेल असलं की तेवढ्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो.

कराडकर८१: काका, माउंटिंग घट्ट आहेत. पण बेल हाउसिंगचा (गिअरबॉक्सचा इंजिनला जोडणारा घंटेसारखा भाग) खालचा एक बोल्ट नुसताच फिरतोय. गिअरबॉक्स शेवटचा दीड सेंटीमीटर आत जात नव्हता, म्हणून बोल्टने ओढून घेतला होता.

जुना_फिटर: मग उतरवावाच लागेल. गिअरबॉक्स हाताने सरकून बेल हाउसिंग इंजिनला टेकलं पाहिजे, बोल्ट फक्त धरून ठेवायला. अडत असेल तर शाफ्टचे दाते प्लेटमध्ये जुळलेले नसतात, किंवा डॉवेल (दोन्ही भाग सरळ रेषेत आणणारी खुंटी) वाकडी जात असते. जॅकने पातळी बदला, गिअर टाकून शाफ्ट थोडा फिरवा, पण ओढू नका. ॲल्युमिनियमचे आटे गेलेत, तिथे मोठा बोल्ट न ठोकता हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवून घ्या. क्लच प्लेटचा मधला हबही बघा. ओढताना तो वाकला असेल तर थरथर त्याचीच असू शकते, आणि नवं कव्हर टाकूनही जाणार नाही.

कराडकर८१: रविवारी उतरवतो. टॉर्क पाना शेजारच्या गॅरेजवाल्या दादांकडून मिळतोय.

जुना_फिटर: चांगलं. प्रेशर प्लेटचे बोल्ट सोडतानाही समोरासमोरचे, अर्धा-अर्धा फेराच. आणि सोडायला टॉर्क पाना वापरू नका, साधा पाना घ्या.