६ हजारांत ओटीजी (केक भाजायचा विजेचा छोटा ओव्हन) कोणता घ्यावा? घरात दोन मांजरी आहेत (नागपूर)

मास्तरीणबाई_मानेवाडा | १९ मे, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. मी सातवीला विज्ञान शिकवते. आपल्या विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडते, तोवर बेकिंग नीट शिकून घ्यायचं मनात आहे. आजवर कुकरमधेच केक केला. एकदा जमतो, एकदा बुडाला लागतो. दर शनिवारी आम्ही चार मैत्रिणी, चौघीही शिक्षिका, एकीच्या घरी जमतो अन् माझी पाळी आली की दरवेळी चिवडाच असतो. नोव्हेंबरात संत्री येईपर्यंत माझा हात बसायला हवा, त्यांना संत्र्याचा केक खाऊ घालायचा आहे. शिवाय सोड्यात दही पडलं की काय होतं हे फळ्यावर लिहून पोट्ट्यांच्या डोक्यात शिरत नाही. फुगलेला केक कापून त्यातली छिद्रं दाखवली तर शिरेल.

बजेट ६०००, त्यावर एक रुपया नाही. स्वयंपाकघरात मोठा सॉकेट एकच, त्यावर फ्रिज आहे. आणि घरात मनी अन् भुरी. मनी म्हातारी, शांत. भुरी सात महिन्यांची आहे, ओट्यावर उडी मारल्याशिवाय तिचा दिवस जात नाही, त्यातही कोमट दिसेल त्यावर बसते. तापलेल्या ओटीजीवर चढली तर? ज्यांच्या घरी मांजर अन् ओव्हन दोन्ही आहेत त्यांनी नक्की सांगा.

सदरची_बेकर | १९ मे, रात्री ९.४२

ताई, ६००० विसरा. मी आधी १६ लिटरचा घेतला होता. आठ इंची डबा ठेवला की केक वरच्या रॉडपासून दोन बोटांवर, फुगला की वरून काळा अन् आतून कच्चा. सहा महिन्यांत विकला. आता ४० लिटरचा आहे, आत पंखा, २००० वॉट. एका वेळी दोन केक निघतात, नाताळच्या आठवड्यात मला जेवायला वेळ नसतो. थोडं थांबा, पैसे जमवा, पण मोठाच घ्या.

गणित_सर | १९ मे, रात्री १०.०५

आधी सॉकेटचं बघा. २००० वॉट म्हणजे २३० व्होल्टवर जवळपास ८.७ अँपिअर. लहान सॉकेट ६ अँपिअरचा असतो. १२०० वॉटच्या ओटीजीला ५.२ लागतात, म्हणजे कागदावर चालतो, पण पाऊण तास सलग ओढून राहिला तर मी तरी लहान सॉकेटवर ठेवणार नाही. मी एक्स्टेंशन बोर्डावर लावला होता. पिन वितळून सॉकेटातच चिकटली, जळका वास आला म्हणून कळलं. १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट आधी काढा, ओटीजी नंतर.

बिलाला घाबरू नका. १२०० वॉट तासभर पूर्ण चालला तरी १.२ युनिट, आणि थर्मोस्टॅट मधेमधे बंद करतो म्हणून त्याहून कमीच.

गोकुळपेठची_काकू | १९ मे, रात्री १०.२०

ओटीजी कशाला, कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह घे. माझा सतरा वर्षांचा आहे, अजून दिवा सुद्धा बदलला नाही. उरलेली भाजी गरम होते, पापड भाजला जातो, केकही होतो. दोन्ही सुनांनी तोच घेतला.

तीन_माऊंचा_बाबा | १९ मे, रात्री ११.३१

ताईंनी मांजरीचं विचारलं, त्यावर कुणी बोललंच नाही.

ओटीजीचा वरचा पत्रा बाहेरूनही हात ठेववत नाही इतका तापतो, आणि बंद केल्यावरही बराच वेळ तसाच राहतो. माझ्या बोक्याने बंद ओटीजीवरच उडी मारली. पुढच्या दोन्ही पंजांच्या गाद्यांना फोड आले. सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजच्या दवाखान्यात नेलं, त्यांनी फार मायेने पाहिलं, पण पोरगं आठवडाभर लंगडत होतं. ते आठवलं की आजही मला वाईट वाटतं, चूक माझी होती. वर काही सामान किंवा फडकं ठेवून झाकू नका, ते पेटेल. ज्या खोलीला दार आहे तिथे ओव्हन ठेवा, दार लावा, गार होईपर्यंत उघडू नका. याशिवाय दुसरा उपाय मला सापडला नाही.

आणि यीस्टचं कच्चं पीठ उघडं ठेवू नका. मांजरीने गिळलं तर पोटातल्या उबेने ते फुगत राहतं आणि आंबून त्याची दारू होते. दोन्ही जिवावर बेततं. चॉकलेट, मनुका, लसूणवाला पाव हेही तिच्यापासून लांब.

गोकुळपेठची_काकू | २० मे, सकाळी ७.०५

आमच्या चिंगीला केक फार आवडतो बाई. गोड म्हटलं की हजर. काही होत नाही.

तीन_माऊंचा_बाबा | २० मे, सकाळी ७.४०

काकू, मांजरीला गोड चव कळतच नाही. गोड ओळखायला जिभेवर जो ग्राहक लागतो तो दोन जनुकांमुळे बनतो, त्यातलं एक मांजरांत निकामी आहे. २००५ मधे ते संशोधन आलं. चिंगी येते ती लोण्या-तुपाच्या वासाने.

गोकुळपेठची_काकू | २० मे, सकाळी ७.५२

ती शिराही खाते.

तीन_माऊंचा_बाबा | २० मे, सकाळी ७.५५

शिऱ्यात तूप असतंच नं काकू.

इतवारी_फेरफटका | २० मे, दुपारी १.१५

ओट्याच्या कडेला संत्र्याची वाळलेली सालं ठेवा. उटण्यासाठी आपण वाळवतो तीच. मांजर त्या वासाला फिरकत नाही. माझ्या बहिणीच्या घरी दोन वर्षं चालून राहिलं.

ओव्हनचं म्हणाल तर कंपनी कोणतीही घ्या, पण डबे इतवारीतून घ्या, भांड्यांच्या ओळीत वजनावर ॲल्युमिनियमचे मिळतात. काळे नॉनस्टिकवाले नको, ते कडा आधी जाळतात.

अन् आमच्या लहानपणी घरी ओव्हन कुणाकडे होता? दिवाळीच्या आधी मैदा, तूप, पिठीसाखर डब्यात घेऊन बेकरीच्या भट्टीवर जायचो. ओळ लागायची. आई तिथेच बसून नानखटाईचे गोळे वळायची अन् आमचा ट्रे दुसऱ्याच्या घरी जाऊ नये म्हणून मला पहारा द्यायला लावायची. तशी खमंग नानखटाई घरच्या ओव्हनमधे होत नाही हे मी शंभरदा सांगीन.

तीन_माऊंचा_बाबा | २० मे, दुपारी १.४४

सालं ठीक, पण बाटलीतलं संत्र्याचं तेल शिंपडायचं कुणाच्या मनात येईल म्हणून सांगतो. ते मांजरीला विषारी असतं. अंग चाटताना पोटात जातं.

हिवाळ्यात_भेटू | २० मे, दुपारी २.३०

२५ तारखेपासून नवतपा. बाहेर ४५ अन् घरात १८० डिग्रीचा डबा पेटवायचा? मी मागच्या वर्षी मे महिन्यात नानखटाई केली. तूप इतकं पातळ झालं की गोळा ट्रेवर पसरून पोळी झाली. पीठ मळून अर्धा तास फ्रिजमधे ठेवलं तेव्हा जमली. गार झाल्यावर कूलरच्या हवेत ठेवली तर तासाभरात सादळली. लगेच डब्यात भरा.

सदरची_बेकर | २० मे, दुपारी ३.०२

म्हणूनच मी उन्हाळ्यात पहाटे पाचला भाजते. आणि यीस्टवाले पाव मे महिन्यात सोपे जातात. जानेवारीत जे पीठ फुगायला दोन तास घेतं ते आता अर्ध्या तासात दुप्पट होतं. लक्ष नाही ठेवलं तर आंबतं.

केकला अंडं घाला ताई. अंड्याशिवाय तो ओलसर मऊपणा येत नाही. दही-सोड्याचा केक ढोकळ्याच्या जवळ जातो.

आठवी_ब_च्या_मॅडम | २० मे, रात्री ८.२६

शाळेत न्यायचा तर बिनअंड्याचाच हवा, चाळीस घरच्या चाळीस रीती असतात. बिनअंड्याच्या केकला कमी लेखू नका. बेकिंग पावडर आपण वापरतो ती इंग्लंडच्या आल्फ्रेड बर्ड नावाच्या औषधविक्रेत्याने १८४३ मधे केली, कारण त्याच्या बायकोला यीस्ट चालत नव्हतं. अंडीही चालत नव्हती, तिच्यासाठी त्याने आधी बिनअंड्याचं कस्टर्ड केलं होतं. ही गोष्ट मी वर्गात सांगते, मुलं कान देऊन ऐकतात.

प्रयोग मात्र ओव्हनशिवायही होतो. बाटलीत कोमट पाणी, साखर, यीस्ट, तोंडाला फुगा. तास संपेपर्यंत फुगा उभा राहतो. दुसऱ्या बाटलीत दही अन् सोडा. तिथे फुगा लगेच हलतो. दोन्हीत वायू तोच, कार्बन डायऑक्साइड, पण एक जिवंत गोष्ट सोडते अन् दुसरा रसायनातून येतो. माझ्या वर्गातल्या मागच्या बाकावरच्या पोट्ट्याने विचारलं, “मॅडम, मग केक भाजल्यावर यीस्ट मरते का?” मरते, ६० डिग्रीच्या आसपास. तो प्रश्न आला तेव्हा मला इतका आनंद झाला म्हणून सांगू.

मास्तरीणबाई_मानेवाडा | २० मे, रात्री ९.३०

सगळ्यांचे मनापासून आभार. मॅडम, दोन बाटल्या शेजारी ठेवायचं मला सुचलं नव्हतं, नक्की करणार.

पुन्हा सांगते, बजेट ६००० च आहे. ४० लिटर नाही, मायक्रोवेव्हही नाही. एक विचारायचं राहिलं. आत्याच्या माळ्यावर जुना गोल ओव्हन आहे, ॲल्युमिनियमचा, झाकणात काच असलेला. लहानपणी तिच्याकडचा केक त्यातलाच असायचा. ती म्हणते घेऊन जा. चालेल का?

गणित_सर | २० मे, रात्री ९.४१

नाही. त्यात थर्मोस्टॅट नसतो. जुनी कॉइल, जुनी वायर, बाहेरून सगळा धातू. आमच्या शेजारी एकीला त्याचा शॉक बसला होता, दोन पिनांचा प्लग होता. नका घेऊ.

सदरची_बेकर | २० मे, रात्री ९.५८

सरांशी सहमत. तापमान कळल्याशिवाय बेकिंग शिकता येत नाही. ओटीजीची खुंटी सुद्धा वीस-वीस डिग्री चुकते, म्हणून मी आत वेगळा थर्मामीटर ठेवते.

गोकुळपेठची_काकू | २० मे, रात्री १०.११

माझ्याकडेही होता तो. भंगारात दिला.

रामदासपेठ_मनीमाऊ | २१ मे, सकाळी ९.००

ओव्हनचं मला काही कळत नाही. भुरी सात महिन्यांची म्हणता, ऑपरेशन झालं का? मांजर पाच-सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते आणि दोन महिन्यांत पिल्लं होतात. माझ्या दारात एका वर्षात नऊ पिल्लं झाली, त्यातली चार जगली. उरलेल्या पाचांना हाताने मातीत ठेवलंय. कृपा करून उशीर करू नका. ओव्हन नंतरही येतो.

तीन_माऊंचा_बाबा | २१ मे, सकाळी ९.२०

हे सगळ्यात महत्त्वाचं. मी विसरलोच होतो.

नवा_सभासद_खामला | २३ मे, संध्याकाळी ६.१५

ताई २८ लिटरचा घ्या, ९ हजारांच्या आत मिळेल. आणि १६ अँपिअरचा सॉकेट लागतो बरं का. मांजरीला ओट्यावर येऊ देऊ नका.

मास्तरीणबाई_मानेवाडा | १४ जून, दुपारी ४.२०

इतके दिवस उत्तर दिलं नाही, माफ करा. झालं ते सांगते.

रामदासपेठच्या ताईंचा निरोप वाचला त्या रात्री मला झोप आली नाही. भुरी दोन दिवसांपासून विचित्र ओरडत होती, ते मी गरमीवर घेतलं होतं. तिचं ऑपरेशन झालं, टाके सुकले, आता पुन्हा दारामागे लपून मनीवर झडप घालते. ओटीजीचे बरेचसे पैसे त्यात गेले. जराही खंत नाही.

आणि हो, आत्याचा गोल ओव्हन आणला. सर, तुमचं वाचूनच आधी इलेक्ट्रिशियनकडे नेला. कॉइल नवी, वायर नवी, तीन पिनांचा प्लग, अर्थिंग त्याने माझ्यासमोर तपासलं. मागच्या बाल्कनीत वॉशिंग मशीनचा १६ अँपिअरचा पॉइंट आहे, तो माझ्या ध्यानातच नव्हता. ओटीजी उचलून तिथे रोज नेणं मला झेपलं नसतं. हा एका हाताने जातो. बाल्कनीचं दार लावते, झाकण हाताला पूर्ण गार लागेपर्यंत उघडत नाही. दोघी दाराच्या काचेला नाक लावून बसतात.

थर्मोस्टॅट नाही हे खरं, म्हणून वही ठेवली. पहिला केक बुडाला करपला. दुसऱ्याला खाली वाळूचा थर दिला तर मधे बसला, मी पंधराव्या मिनिटाला झाकण उघडलं होतं. तिसऱ्याला दहा मिनिटं आधी तापवला, सहा इंची डबा, पस्तीस मिनिटं काचेतूनच पाहिलं, शेवटची पाच मिनिटं प्लग काढून आत तसाच ठेवला. सुरी स्वच्छ निघाली. दही-सोड्याचाच होता, ढोकळ्यासारखा लागला नाही. काल मैत्रिणी आल्या होत्या, ताटलीत चुरा सुद्धा उरला नाही.

गणित_सर | १४ जून, संध्याकाळी ५.०५

तीन पिनांचा प्लग लावला हे बरं केलं. तरी चालू असताना झाकणाला ओल्या हाताने शिवू नका. बाल्कनीत पावसाची झड येते का?

मास्तरीणबाई_मानेवाडा | १४ जून, संध्याकाळी ५.१८

येते सर, एका बाजूने. पावसाच्या दिवशी भाजणार नाही.

सदरची_बेकर | १४ जून, रात्री ८.४७

मी अजूनही मोठा घ्या म्हणीन. पण वाळूचा थर किती जाड दिला होता ते सांगा, माझ्या आईकडेही तसाच एक गोल ओव्हन पडून आहे.