मदत हवी आहे: फोनची नवी ऑपरेटिंग सिस्टीम गिऱ्हाईकाच्या गळी कशी उतरवायची?

नमस्कार मंडळी,

एमबीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टचा विषय: अँड्रॉइड आणि आयफोन सोडून तिसऱ्या सिस्टीमला भारतात गिऱ्हाईक कसं मिळेल? वीस पानांचा मसुदा दिला होता. सिक्युरिटी, वेग, आयकॉन, सगळं टेचात. सरांनी वर एवढंच लिहून परत केला: "यात गिऱ्हाईक कुठंय?"

म्हणून मागे जाऊन बघितलं, तर एका ठिकाणी अडकलोय. ऑगस्ट २०१४ मध्ये फायरफॉक्स ओएस (ओएस म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम) वरचा इंटेक्स क्लाऊड एफएक्स हा फोन आला. टचस्क्रीन, किंमत १,९९९ रुपये. चालला नाही. डिसेंबर २०१५ मध्ये फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने फोनचा नाद सोडला. पण त्याच कोडमधून कायओएस निघाली आणि २०१७ मध्ये जिओफोनवर बसून कोट्यवधी घरांत गेली. मूळ एकच, मग टचवर आपटली आणि बटणांवर चालली, हे कसं? स्वस्ताई म्हणावं तर क्लाऊड एफएक्सही स्वस्तच होता.

दुकानदार, डेव्हलपर, वापरलेले कुणीही, कृपया सांगा. पुढच्या सोमवारी सरांसमोर उभं राहायचंय.

---

काउंटरवाला (लातूर)

बारा वर्षं मोबाईलचं दुकान आहे. "यात कुठली ओएस?" असं विचारणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी. बाकीचे विचारतात, "यात व्हॉट्सॲप चालतं का?" तिथं मी "नाही" म्हटलं की डबा परत कपाटात. जिओफोनवरसुद्धा व्हॉट्सॲप सप्टेंबर २०१८ मध्ये आलं, तोवर तेच तेच ऐकून कान किटले होते.

आणखी एक, पुस्तकात सापडणार नाही. नव्या फोनचं कव्हर आणि स्क्रीनगार्ड बाजारात नसेल तर गिऱ्हाईक बिचकतं. "उद्या फुटला तर काच मिळंल का?" माझ्याकडं उत्तर नसेल तर मी तो फोन पुढं करतच नाही. परत आणून आदळतो तो माझ्याच काउंटरवर ना!

---

कोडकरी

तुमचं कोडं सोपं आहे, फक्त शेजारी कोण उभं होतं ते बघा. क्लाऊड एफएक्सची तुलना अँड्रॉइडशी झाली. १२८ एमबी रॅम, ॲप तुटपुंजी, म्हणजे तो 'गरीब स्मार्टफोन' ठरला. जिओफोनची तुलना साध्या बटणाच्या फोनशी झाली. त्यापुढे तो श्रीमंत. वर १,५०० रुपये परतीच्या बोलीवर ठेव आणि कॉल फुकट. लोकांनी सिस्टीम घेतलीच नाही, फोर-जी घेतलं. सिस्टीम पिशवीतून सोबत आली.

मायक्रोसॉफ्टच्या विंडोज फोनचं उदाहरण जरूर घाला. २०१० ला आला, इन्स्टाग्राम मिळालं नोव्हेंबर २०१३ मध्ये, तेही बीटा, म्हणजे चाचणीचं. गिऱ्हाईक नाही म्हणून ॲप नाही, ॲप नाही म्हणून गिऱ्हाईक नाही. त्यात विंडोज फोन ८ आला तेव्हा ७ वाल्यांना अपडेटच नाही. ज्यांनी आधी विश्वास टाकला तेच वाऱ्यावर. मित्रांना "घे रे" म्हणणारे तेच तर असतात.

---

परभृत

चीनच्या हुआवेईची हार्मनीओएस पण बघ. २०२१ मध्ये फोनवर आली तेव्हा अँड्रॉइडची ॲप चालायची, त्यामुळे गिऱ्हाईकाला फरक जाणवलाच नाही. पुरेशी माणसं आत आल्यावर २०२४ मध्ये 'नेक्स्ट' ही नवी आवृत्ती काढून अँड्रॉइड ॲपची दोरी कापली. मात्र आंधळी नक्कल नको. चीनमध्ये गूगलच्या सेवा आधीपासूनच नव्हत्या, त्यामुळे त्या गेल्याचं दुःख तिथं कुणाला होणार? इथं बँकेची काही ॲप गूगलचं प्रमाणपत्र नसलेल्या फोनवर उघडायलाच नकार देतात. यूपीआय नसलेला फोन भाजीवाल्यासमोर काय कामाचा?

---

धागाकर्ता

तिघांचेही आभार, विशेषतः काउंटरवाले काका. स्क्रीनगार्डचा मुद्दा आमच्या वर्गात कुणाच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं.

वीस पानं फाडली. आता प्रश्न असा घेतोय: नव्या सिस्टीमने अँड्रॉइडच्या वाटेला न जाता कुणाच्या हातातला कुठला फोन काढून घ्यायचा? त्यासाठी शेवटची विनंती. घरातल्या कुणी जिओफोनवरून अँड्रॉइडवर उडी मारली असेल, तर पहिल्या आठवड्यात त्यांनी तुम्हाला काय काय विचारलं? आठवेल तसं, त्यांच्याच शब्दांत लिहा.