मलेशिया २००८ : बारिसानला महागाई भोवली की दुखावलेली माणसं?

८ मार्च २००८ च्या निवडणुकीचा विषय निघाला की 'महागाईने बारिसान नॅशनलला दणका दिला' म्हणून लोक मोकळे होतात. मला ते पटत नाही. २००४ मध्ये संसदेच्या २१९ पैकी १९८ जागा घेणारी ही सत्ताधारी आघाडी २२२ पैकी १४० वर आली, दोन तृतीयांश बहुमत गेलं. केलांतान राज्य विरोधकांकडे होतंच, आता केदाह, पेनांग, पेराक आणि सेलांगोरही गेले.

बारिसानचा पायाच असा की मलायांसाठी उम्नो, चिनी लोकांसाठी एमसीए, भारतीय वंशाच्या लोकांसाठी एमआयसी. ज्याने त्याने आपलं गाऱ्हाणं आपल्या पक्षाकडे न्यायचं, तोडगा आतल्या आत निघायचा. रबराचे मळे मोडले, तमिळ मजूर कुटुंबं शहरांच्या कडेला येऊन पडली, पण आत त्यांच्या बाजूने बोलणारं कुणी उरलं नव्हतं. २००७ च्या दिवाळीच्या तोंडावर शाह आलमजवळ पाडांग जावाचं मंदिर पाडलं गेलं. २५ नोव्हेंबरला हिंद्राफ या भारतीय वंशाच्या हिंदूंच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या हाकेवर हजारो लोक क्वालालंपूरच्या रस्त्यावर आले. मी तेव्हा तिथे नोकरीला होतो. एक म्हातारी गांधीजींची तसबीर पोटाशी धरून फुटपाथवर बसली होती. अश्रुधुराने डोळ्यांतून धार लागलेली, पण ते पुसायलाही तसबिरीवरचा हात काढत नव्हती. ती मतपेटीपर्यंत गेली नसेल का?

प्रतिसाद १
असहमत. भारतीय म्हणजे देशाच्या लोकसंख्येच्या सात-आठ टक्के. एवढ्यावर सरकार हलत नाही. केदाह तर मलायबहुल, तिथे पास हा इस्लामी पक्ष जिंकला. २००६ मध्ये पेट्रोल एका फटक्यात लिटरमागे ३० सेनने वाढलं. जानेवारी २००८ मध्ये खाद्यतेल माणशी पाच किलोच मिळत होतं. ज्या देशात पाम तेलाचा महापूर, तिथे! पंतप्रधान बदावींनी २००४ मध्ये भ्रष्टाचार निपटायचा शब्द दिला होता, त्याचं काय झालं हे मलाय मतदारालाही दिसत होतं.

धागाकर्ता
तेलाचा राग सगळ्यांनाच होता, मान्य. पण एमआयसीचे अध्यक्ष सामी वेल्लू १९७४ पासून सुंगाई सिपुट मतदारसंघ राखून होते, ते तेलामुळे पडले? आणि हिंद्राफचे एम. मनोहरन खटल्याविना कमुंटिंगच्या स्थानबद्धता छावणीत डांबलेले असताना सेलांगोर विधानसभेवर निवडून आले. सात-आठ टक्के देशभराचे म्हणून कमी वाटतात. पेराक, सेलांगोरच्या अटीतटीच्या मतदारसंघांत हेच लोक पारडं फिरवतात. ज्या पासला भारतीय बिचकून असत, त्याच्या उमेदवारांनाही त्यांनी मतं दिली.

प्रतिसाद २
दोघांचंही अर्धंच पटतं. दुखावलेल्यांचा विषय मलायांना मिळणाऱ्या सवलतींपर्यंत जातोच, पण त्यांबद्दल बोलताना १९६९ विसरू नका. १३ मेच्या मलाय-चिनी दंगलीनंतर नवं आर्थिक धोरण आलं तेव्हा कंपन्यांच्या भांडवलात मलायांचा वाटा अडीच टक्केसुद्धा नव्हता. तो ३० टक्क्यांवर न्यायचं ठरलं, यात मला गैर वाटत नाही. गैर हे की मलई उम्नोच्या जवळच्यांनी खाल्ली आणि केलांतानचा मलाय शेतकरी होता तिथेच राहिला. वर उम्नो युवाच्या अधिवेशनात तिचे प्रमुख हिशामुद्दीन यांनी क्रिस, म्हणजे मलाय खंजीर, उगारली. चिनी मतदार ते विसरले नाहीत. एमसीए ३१ वरून १५ वर, आघाडीतला दुसरा पक्ष गेराकान दोनवर.

प्रतिसाद ३
बोर्निओ बेटावरच्या साबाह-सारावाक राज्यांबद्दल कुणीच बोलत नाही. द्वीपकल्पातल्या १६५ जागांत बारिसानला ८५, विरोधकांना ८०. बदावींची खुर्ची बोर्निओने वाचवली. तिथेही अनेक जमाती आहेत, तिथली नाराजी का नाही दिसली?

धागाकर्ता
रास्त प्रश्न. माझं म्हणणं द्वीपकल्पापुरतंच धरा, बोर्निओचं राजकारण वेगळं आहे.

प्रतिसाद १
मग २०१३ घ्या. मतदानाआधी हिंद्राफच्या एका गटाने बारिसानशी करार केला. दुखणं तेच असतं तर जागा वाढायला हव्या होत्या. त्या १३३ झाल्या, मतंही विरोधकांपेक्षा कमी पडली.

धागाकर्ता
ज्यांनी तो करार केला ते वेदमूर्ती उपमंत्री झाले आणि वर्षाच्या आत, फेब्रुवारी २०१४ मध्ये, राजीनामा देऊन बाहेर पडले. कराराप्रमाणे कामं होत नाहीत, हीच त्यांची तक्रार होती. कागदावर सही झाली म्हणून पाच वर्षांपूर्वी अश्रुधूर खाल्लेला माणूस परत येईल, असं तुम्हाला खरंच वाटतं?